पहिली रायफल घेताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पदक आलं की रेंजवरचे फोन वाजू लागतात. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं तेव्हा वाजले. २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा वाजले. २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं कैरोत जागतिक अजिंक्यपद मिळवलं, २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य आणलं, तेव्हा तर विचारू नका. आणि फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मुलाला शूटिंग शिकायचंय, कुठली रायफल घेऊ?"

प्रश्न पालकांच्या प्रेमातून येतो, हे मान्य. पण तो जरा लवकर विचारला जातो. चांगल्या परदेशी एअर रायफलची किंमत लाखांच्या घरात जाते. कुणी त्यासाठी कर्ज काढतं, कुणी ठेव मोडतं. मग दहावीचं वर्ष येतं, आवड ओसरते आणि रायफल कपाटावर जाऊन बसते. उलट, एवढे पैसे नाहीत म्हणून दारातूनच परत फिरणारी मुलंही असतात. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी एवढंच ध्यानात ठेवायचं की रायफल ही सुरुवातीला घ्यायची वस्तू नव्हे. आधी सराव, मग शरीराची ओळख आणि त्यानंतर खरेदी.

बहुतेक क्लबांत शिकाऊ मुलांसाठी क्लबच्या रायफली असतात. अंजली भागवत या खेळाकडे वळल्या त्या एनसीसीतून, आणि तिथं रायफल संस्थेचीच असते. पहिले चार-सहा महिने अशाच रायफलीवर काढावेत. या काळात मुलाला खेळ आवडतो की नुसती बंदूक आवडते, हे कळतं. आणि बरं का, हे दोन अगदी वेगळे! १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तासभर एका जागी उभं राहून साठ वेळा त्या ठिपक्याचा वेध घ्यायचा, हे काम ज्याला कंटाळवाणं वाटत नाही, तो टिकतो.

आता रायफलींचे प्रकार पाहू. आपल्याकडे सर्रास दिसते ती स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. ती स्वस्त असते आणि नेम कसा धरायचा हे शिकायला ठीक असते. पण चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढं धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफलीला हिसका बसतो. दुसरा प्रकार बाजूच्या दांड्यानं एकदाच हवा दाबून भरायचा. हिला हिसका जवळजवळ नसतो, सिलिंडरही लागत नाही. जुन्या नामांकित कंपन्यांच्या अशा रायफली आजही उत्तम चालतात. तिसरा प्रकार दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचा. आज मोठ्या स्पर्धांत हीच दिसते. मात्र ती घेण्याआधी हवा कुठं भरणार, हे विचारा. क्लबात सोय असेल तर प्रश्न नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर हातपंपाचा खर्च आणि मेहनत धरून चाला.

आपल्या शालेय स्पर्धांत 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे दोन गट असतात. ओपन साइट म्हणजे साधी खाच आणि माशी. पीप साइट म्हणजे मागं बारीक भोक आणि पुढं कडी. मूल कुठल्या गटात उतरणार, हे प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. दुर्बीण लावलेली रायफल दिसायला ऐटबाज असते, पण या दोन्ही गटांत ती चालत नाही.

यानंतर खरी गोष्ट येते, ती म्हणजे मापाची. चप्पल घेताना आपण पाय घालून बघतो, पण रायफल फोटो पाहून मागवतो! नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तेवढं वजन द्यायचं का? उजव्या हाताचा नेमबाज उभा राहतो तेव्हा डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलीचा भार हाडांवरून जमिनीत उतरतो. भार दंडाच्या स्नायूंवर आला की पाच मिनिटांत हात थरथरतो. म्हणून रायफल खांद्याला लावून दोन-तीन मिनिटं उभं राहायला सांगा. मान पुढं ताणावी लागते का, गाल दस्त्यावर अलगद टेकतो का, पाठ फार वाकते का, हे बाजूला उभं राहून बघा. मागची पट्टी आणि गालाचा आधार पुढं-मागं, वर-खाली करता येत असेल, तर वाढत्या वयाच्या मुलाला तीच रायफल तीन-चार वर्षं पुरते. मुलांसाठी आखूड, हलकी मॉडेलंही मिळतात.

मुलाचा कुठला डोळा प्रबळ आहे, हेही तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये एक लहान झरोका करायचा आणि त्यातून समोरचं घड्याळ पाहायचं. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना घड्याळ झरोक्यातच राहतं, तो प्रबळ. हात उजवा आणि डोळा डावा असेल, तर खरेदी थांबवा आणि आधी प्रशिक्षकाशी बोला. डावखुऱ्यांसाठी दस्ता वेगळा असतो.

मग चाप. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबावर ठेवता येतो, त्याचा पहिला आणि दुसरा टप्पा बोटाला वेगळा कळतो. हौशी रायफलीचा चाप बराच जड असतो. चाप ओढताना माशी हलत असेल, तर नळी कितीही उत्तम असो, काही उपयोग नाही.

जुनी रायफल घ्यावी का? अवश्य घ्यावी. मोठ्या स्पर्धांतले नेमबाज रायफल बदलतात, तेव्हा चांगला माल निम्म्या-पाऊण किमतीत मिळून जातो. पण एक गोष्ट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका: सिलिंडरवर कोरलेली तारीख. एअर रायफलीच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलं जातं. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही आणि त्यात दोनशे-तीनशे बार दाबाची हवा कोंडणं धोक्याचंही असतं. नवं सिलिंडर स्वस्त नाही. तेव्हा 'स्वस्तात मिळाली' म्हणताना त्याची किंमत मिळवून हिशेब करा. त्याच हिशेबात जाड कापडाचं जाकीट, हातमोजा आणि छर्रे धरा. छर्रे चपट्या डोक्याचे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळं गुण नीट वाचता येतात. बजेटमधला शेवटचा पैसा रायफलीवर उडवला, तर सरावाला छर्रे उरत नाहीत.

कायद्याबद्दल दोन शब्द. साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, पण विक्रेता ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा. पॉइंट टू-टू बोअरच्या काडतुसाच्या रायफलीला परवाना लागतो, आणि ती पुढची पायरी आहे. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे, असं मात्र नाही. छर्रा डोळा घालवू शकतो. नळी कायम लक्ष्याच्या दिशेनं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर आणि घरी रायफल कुलपात, हे तीन नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळायचे. चिमण्या-कबुतरांवर नेम धरणं हा खेळ नव्हे. पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

थोडक्यात सांगायचं तर, कुठली रायफल घ्यावी याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं. सहा महिन्यांच्या सरावानंतर ते मुलालाच सांगता येतं: ही जड पडते, हिचा चाप अडतो, ही मात्र गालाला बरोबर बसते. मूल असं बोलू लागलं की खुशाल खरेदीला निघा. आणि तोवर क्लबच्या जुन्या रायफलीवर शिकावं लागलं, म्हणून कुणी मनात कमीपणा धरू नये. दहाचा ठिपका सगळ्यांना तेवढाच असतो.