आटे गेले, इंजिन गेले नाही

(सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा येथे प्रौढांच्या वाचन-वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका लहान वस्तूबद्दल बोलणार आहे. ही वस्तू बोटाच्या दोन पेरांएवढी. पण ती बिघडली, तर लाखांची गाडी दारात उभी राहते. ही वस्तू म्हणजे इंजिनाच्या बोल्टाचे आटे. कोणी त्यांना पेच म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री चुड्या म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वस्तू एकच.

आपल्या भागात गाडी आता नुसती हौस राहिलेली नाही. आजारी माणसाला साकोलीला न्यायचे, तर गाडी हवी. वऱ्हाड न्यायचे, तर गाडी हवी. कितीतरी घरांचे पोट एकेका गाडीवर चालते. गाडी बहुधा कर्जाची असते. गाडी उभी राहिली, म्हणून कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. तो चालतच असतो. म्हणून ही गोष्ट गाडीवाल्याने समजून घ्यावी, मिस्त्रीने घ्यावी, आणि ज्यांचे घर त्या गाडीवर चालते त्या बायामाणसांनीही घ्यावी.

समजा, मे महिना आहे. ऊन ४५ अंशांवर गेले आहे. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि तणसाचा भुसा अडकला आहे. पाणी कमी झाले आहे. गरमीचा काटा लाल रेघेवर चढला. चालक म्हणतो, "आलेच आता गाव, जाऊ दे!" गावात येईतो टोपणाखालून वाफ निघू लागते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री इंजिनाचे हेड उतरवतो. जळालेले गॅसकेट काढतो, नवे टाकतो. बोल्ट आवळू लागतो. नऊ बोल्ट बसतात. दहावा बसत नाही. पाना फिरवावा तितका तो फिरतच राहतो. बाहेर काढून पाहतो, तर त्याच्याभोवती पांढऱ्या धातूची तार गुंडाळलेली! ब्लॉकच्या आतले आटे बोल्टाबरोबर निघून आलेले असतात. मग भोवती जमलेले लोक म्हणतात, "गेला बाप्पा ब्लॉक! आता नवे इंजिनच टाका."

मंडळी, इथेच थांबायचे. आटे गेले म्हणजे इंजिन गेले असे नाही. पण आटे का गेले, हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्तीही टिकत नाही.

आधी बोल्टाचे काम पाहू. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, वर हेड. दोहोंच्या मध्ये पातळ गॅसकेट. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते, तेव्हा तिथला दाब बाहेरच्या हवेच्या ४० ते ५० पट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये असा भडका सेकंदाला २५ वेळा उडतो. प्रत्येक भडका हेडला वर ढकलतो. त्याला धरून ठेवतात ते हे बोल्ट. आणि बोल्टाला धरून ठेवतात ते ब्लॉकमधले आटे. म्हणजे सारा भार शेवटी आट्यांवर येतो.

आता हा ब्लॉक कशाचा, ते पाहा. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला. त्या जातीची पाण्याची डिझेल इंजिने आपल्या शेतकऱ्यांनी खूप वापरली. त्यांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. जड, पण दणकट. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे होते, पण ब्लॉक लोखंडाचाच होता. २००८ पासून त्याच कंपनीची के-मालिकेची इंजिने येऊ लागली. त्यांत ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा झाला. आज अशी इंजिने पुष्कळ आहेत.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे काय, हे आयाबायांना सांगायला नको. घरात ज्याला आपण जर्मनचा गंज म्हणतो, तोच हा धातू. वजनाला तो लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणून गाडी हलकी होते आणि पेट्रोल कमी लागते. शिवाय तो उष्णता लवकर बाहेर टाकतो. नागपूरजवळ वाडीला या एका धातूवर संशोधन करणारी संस्था १९८९ पासून आहे. असा तो मोलाचा धातू आहे.

पण त्याचे दोन स्वभाव ध्यानात ठेवायला हवेत. पहिला, तो मऊ आहे. लोखंड वितळायला १,५३८ अंश उष्णता लागते, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. वितळण्याच्या पुष्कळ आधी ते ढिले पडू लागते. दुसरा, ते तापले की जास्त फुगते. एक मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची सळई १०० अंशांनी तापवली, तर ती सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. पोलादाची तेवढीच सळई १.२ मिलिमीटरच वाढते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. हेड आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. इंजिन फार तापले की हेड फुगते, पण बोल्ट तितका वाढत नाही. हेड बोल्टाला वर ओढते. बोल्ट आट्यांना ओढतो. आणि नेमके त्याच वेळी आटे उष्णतेने मऊ झालेले असतात. मग ते वाकतात, नाही तर उपटून येतात. गॅसकेटमधून पाणी झिरपून बोल्टाच्या भोकात गेले असेल, तर तिथे गंजासारखी पांढरी भुकटी धरते. अशा कुजलेल्या आट्यांना तर निमित्तच पुरते.

असे आपल्याकडेच होते, असे समजू नका. अमेरिकेत कॅडिलॅक ही श्रीमंतांची मोटार. तिच्या नॉर्थस्टार नावाच्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनात ब्लॉकमधले आटे निघून येण्याची तक्रार फार गाजली. पुढे कंपनीने बोल्टांची रचना बदलली. धातूचा स्वभाव गरीब-श्रीमंत पाहत नाही.

आता उपाय. पहिला उपाय चालकाच्या हातात आहे. काटा चढला की गाडी सावलीला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते. ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की दाब सुटतो आणि सारे पाणी एकदम उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. त्याने हेड वाकते, तडकते. अर्धा-पाऊण तास थांबा. तेवढा वेळ गेला, तर सवारी रागावेल. पण इंजिन वाचेल.

दुसरा उपाय मिस्त्रीच्या हातात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बोल्ट सोडावेत. बाहेरच्या बाजूचे आधी, मधले शेवटी, आणि थोडे थोडे करून. हेड उतरल्यावर त्यावर सरळपट्टी ठेवून फट मोजावी. लहान मोटारींत केसाच्या जाडीएवढी फटही चालत नाही. हेड वाकले असेल, तर ते मशीनवर घासून घ्यावे लागते. ब्लॉकही तसाच तपासावा. तो तडकला असेल, तर आट्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि हे मालकाला आधीच सांगावे. एका भोकाचे आटे गेले असतील, तर बाकीची भोकेही नीट पाहावीत. तीही त्याच उष्णतेत भाजलेली असतात.

गेलेल्या आट्यांच्या जागी पोलादाचे नवे आटे बसवता येतात. त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे पोलादी तारेची कॉइल. तिला बाजारात हेलिकॉइल म्हणतात. दुसरी म्हणजे भक्कम पोलादी बुश. त्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे आटे असतात. हेडच्या बोल्टांसाठी पुष्कळ कारागीर बुश पसंत करतात. पण बुश जाड असतो. भोकाभोवती तेवढा धातू शिल्लक असावा लागतो.

रीत सांगतो, ती ध्यानात घ्या. सिलिंडरची आणि तेला-पाण्याची भोके कापडाने बंद करा. पेटीवर लिहिलेल्या मापाच्याच ड्रिलने जुने भोक मोठे करा. ड्रिलवर खोलीची खूण करा, कारण भोकाच्या तळाशी पातळ भिंत असते आणि तिच्यापलीकडे पाणी. ड्रिल अगदी उभे राहिले पाहिजे. हाताच्या डोळ्याने ते साधत नाही. जाड लोखंडी पट्टीला सरळ भोक पाडून ती ब्लॉकवर बसवावी आणि त्यातून ड्रिल उतरवावे. तेही नसेल, तर ब्लॉक मोठ्या मशीनच्या कारखान्यात न्यावा. भोक तिरपे गेले, तर बोल्ट तिरपा बसतो, आणि पहिल्या दुखण्यापेक्षा दुसरे भारी होते.

नंतर कॉइलबरोबर आलेला खास टॅप रॉकेल लावून हळूहळू फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. म्हणजे कीस तुटतो. मग भोक हवेने साफ करा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. तो अ‍ॅल्युमिनियमचा कीस ओढत नाही. मग कॉइल बसवा. तिचे वरचे टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली राहावे. कॉइलच्या तळाशी एक शेपटी असते. ती तोडून बाहेर काढा. आत राहू देऊ नका. कॉइलची लांबी बोल्टाच्या जाडीच्या दीड ते दोन पट असावी. १० मिलिमीटर बोल्टाला १५ ते २० मिलिमीटर.

काय करू नये, तेही सांगतो. भोकात चिकट लेप भरून बोल्ट बसवू नये. बोल्टाला तार किंवा पत्रा गुंडाळू नये. गाडी दोन दिवस चालेल, आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यात उभी राहील. तेव्हा गाडीत रोगी असला, तर काय?

आता शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट. बोल्ट किती आवळावा? जुन्या लोखंडी इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री म्हणतात, "चांगला कचकून आवळ, मग भेव नाही." लोखंडाने हे पुष्कळ वेळा सहन केले. अ‍ॅल्युमिनियम सहन करत नाही. इथे जोर नको, माप हवे. माप दाखवणारा टॉर्क पाना मिळतो. त्याचे गणित सोपे आहे. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला ६ किलोचा जोर दिला, तर तो ६ किलो-मीटर. नव्या पद्धतीने सुमारे ५९ न्यूटन-मीटर. दांडी अर्धा मीटर असेल, तर तेवढ्याच आवळणीसाठी १२ किलो जोर लागेल. म्हणून पान्याला लांब पाइप लावला की हाताला अंदाज राहत नाही.

आवळण्याचा बहुतेक जोर घासण्यातच खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी १० टक्क्यांच्या आसपासच उरतो. बोल्ट कोरडा आहे की तेल लावलेला, याने आवळणी बदलते. म्हणून पुस्तकात जसे सांगितले असेल, तसेच करावे. भोकाच्या तळाशी तेल-पाणी साचू देऊ नये. ते दाबले जात नाही, उलट ब्लॉक फोडते. आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जावे, आणि दोन-तीन टप्प्यांत आवळावे. काही गाड्यांत शेवटचा टप्पा अंशांत दिलेला असतो. त्या गाड्यांचे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. ते पुन्हा घालू नयेत.

ही सारी मापे कुठे असतात? पुस्तकात आणि पेटीवर. ड्रिलचे माप पेटीवर छापलेले असते. आवळणीचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. वर्षानुवर्षे उत्तम काम केलेले हात आपल्या गावोगाव आहेत. पण नव्या इंजिनाचे माप हाताला आपोआप कळत नाही, ते वाचावे लागते. ज्याला आकडा वाचता येतो, त्याचा अनुभव वाया जात नाही. तो दुप्पट कामाला येतो.

म्हणून गाडीवाल्यांनो, दुरुस्तीला गाडी दिली की मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. गाडी तापली कशाने, ते सापडले का? हेड आणि ब्लॉक सरळपट्टीने तपासले का? बोल्ट किती आकड्यावर आवळले? तिसरे उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि मिस्त्री बंधूंनो, या प्रश्नांचा राग मानू नका. ज्याने मापाने काम केले, त्याला आकडा सांगायला काय हरकत?

गाडी तापण्याचे कारण दूर करा. गेलेल्या आट्यांच्या जागी पोलादाचे आटे बसवा. बोल्ट मापाने आवळा. एवढे केले, तर ज्या ब्लॉकला लोक भंगार म्हणत होते, तोच ब्लॉक पुन्हा रस्त्यावर धावेल आणि घरचा हप्ताही फेडेल.