टेबलापासून खाटेपर्यंत

परिचारिका म्हटली की रुग्णाच्या उशाशी उभी असलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढे येते. आज मी बोलणार आहे ते मात्र वॉर्डाच्या दाराशी टेबल मांडून बसलेल्या एका मुलीविषयी. तिचे काम कारकुनाचे. नव्या रुग्णाची नोंद करणे, केसपेपर क्रमाने लावणे, तपासणीचे कागद प्रयोगशाळेकडे धाडणे, आलेला निकाल ज्याच्या त्याच्या कागदांना जोडणे आणि घरी जाणाऱ्यांचे कागद तयार ठेवणे. इस्पितळात याला कोणी सेवा म्हणत नाही.

ही मुलगी माझी विद्यार्थिनी. गाव डिचोली तालुक्यातले. वडील खनिजाचा ट्रक चालवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. त्याच वर्षी ती बारावी झाली. परिचारिका व्हावयाचे हा तिचा निश्चय होता. परंतु गुण थोडे कमी पडले आणि खाजगी महाविद्यालयाची फी घरच्यांना पेलण्याजोगी नव्हती. तेव्हा तिने म्हापशाच्या एका इस्पितळात ही नोकरी धरली. पहाटेच्या बसने जावे, दिवेलागणीला परतावे आणि रात्री जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे, असा क्रम सुरू झाला.

तिची आई एकदा मला म्हणाली, “सर, पोरीला माणसांची सेवा करायची होती, आणि बसलीय कागद चिवडत!” त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. ते पुढे त्या मुलीनेच दिले.

तिच्या वॉर्डात एकाच नावाच्या दोन वृद्धा दाखल झाल्या. नाव तेच, आडनाव तेच. एक पेडण्यातील कोरगावची, दुसरी मयेची. आपल्याकडे नाईक, परब, गावस ही आडनावे घरोघरी. त्यामुळे यात नवल काहीच नव्हते. रक्ततपासणीचा एक निकाल आला, त्यावर नाव होते, नोंदणी क्रमांक मात्र नव्हता. टेबलापाशी घाई होती. अंदाजाने तो कागद कोणत्या तरी एकीच्या केसपेपरला जोडणे सहज शक्य होते. तिने तो जोडला नाही. मुख्य परिचारिकेपुढे नेऊन ठेवला. तपासणी पुन्हा झाली. एका वृद्धेच्या रक्तात साखर पुष्कळ वाढलेली होती, दुसरीच्या मुळीच नव्हती. कागद चुकीच्या जागी पडता, तर औषधही चुकीच्या मुखी पडण्याचा धोका होता.

श्रोतेहो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे नाव आपण हातातल्या दिव्यासह आठवतो. तिच्या दुसऱ्या हातात नोंदवही होती, हे मात्र विसरतो. १८५४ साली ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. क्रिमियाच्या त्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक मेले, हे तिने मायदेशी परतल्यावर आकडे मांडून आणि रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांना पटवून दिले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाची परिचारिका-शाळा उघडली ती त्यानंतर, १८६० साली. नोंद आणि शुश्रूषा या तिने कधी वेगळ्या मानल्याच नाहीत.

टेबल आणखीही एक धडा देते, तो मर्यादेचा. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही, तर विचारावे. तर्क करू नये. नातेवाइकाने औषधाविषयी विचारले, तर सिस्टरकडे बोट दाखवावे. आणि परतीच्या बसमध्ये अर्धी माणसे ओळखीची असतात, “अमक्याला काय झालेय गं?” असे कोणी म्हणाले, तर खिडकीबाहेर पाहावे. तोंड मिटून ठेवणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.

तथापि एक इशारा देणे मला अवश्य वाटते. टेबल सर्व काही शिकवीत नाही. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ती वाट पुस्तकातूनच जाते. नोकरीचा अनुभव पुस्तकाची जागा घेत नाही. शिवाय महिन्याचा पगार मोठा लाघवी असतो. घराला त्याची सवय होते, “आता कशाला शिकतेस?” हा प्रश्न येतो, आणि एकाची दोन, दोनाची पाच वर्षे होतात. म्हणून या मुलीने प्रारंभीच मुदत ठरवली होती : दोनच वर्षे. त्या मुदतीत तिला प्रवेश मिळाला. तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच अधिक होती, कारण पगार थांबणार होता. वडिलांनी दुसऱ्याचा टेम्पो चालवायला घेतला आणि तिला जाऊ दिले. त्या घराचे मोठेपण मी त्या दिवशी पाहिले.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. अशी मुलगी थकून घरी आली, तर तिच्या हाती लगेच कळशी देऊ नका. एक तास आणि एक शांत कोपरा द्या. ‘ती नोकरी करते’ असे म्हणू नका, ‘ती शिकते आहे’ असे म्हणा.

ती मुलगी आता परिचारिका आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “सर, इंजेक्शन देण्यापूर्वी मी अजूनही नाव विचारते, गाव विचारते आणि मग क्रमांक पाहते.” शेजारी तिची आई उभी होती. ती काहीच बोलली नाही, नुसती हसली.