घर विकण्यापूर्वीची सफाई

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा परिसरातील मातीचे, कवेलूंचे म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलांचे घर ग्राहकाला दाखवायचे असल्यास, आधी फुटकी कवेलू बदलून गळती थांबवणे, वाळवी लागलेले वासे तपासणे आणि त्यानंतरच भिंतींचे सारवण, म्हणजे शेणमातीचा लेप, करणे योग्य ठरते; कारण ओल किंवा वाळवी लेपाखाली दडवणे ही सफाई नसून फसवणूक होय. धान, मोहफुले, सरपण हलवल्यास खोल्यांचा खरा आकार दिसतो. कागदपत्रेही तितकीच स्वच्छ हवीत : ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घराच्या करआकारणीचा उतारा, अद्ययावत असावा, आणि जमीन आदिवासी खातेदाराची असल्यास, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36-अ नुसार ती बिगर-आदिवासीला विकण्यास शासनमान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.