जुन्या दप्तराची वेस



सकाळीं हातांतील फोनवर आपण बँकेंतील शिल्लक पाहतों, तेव्हां तो आंकडा कोणत्या दप्तरांतून आला, याची चौकशी सहसा करीत नाहीं. जगांतील पुष्कळ जुन्या बँका, विमाकंपन्या व सरकारी खातीं यांचे मूळ हिशेब आजही मेनफ्रेम नांवाच्या महायंत्रांत आहेत. आणि त्यांतील कित्येकांची मांडणी पन्नास वर्षांपूर्वीं ठरलेली आहे. त्यांना प्रश्न विचारणारे कार्यक्रम मात्र आजचे आहेत. या दोहोंमध्यें जी वेस बांधतात, तिला गेटवे म्हणतात. त्या वेशीविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. आयबीएम कंपनीनें रॉकवेल व कॅटरपिलर या कंपन्यांच्या सहकार्यानें आयएमएस नांवाची व्यवस्था निर्माण केली. अपोलो चांद्रयोजनेंतील सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या असंख्य भागांची नोंद ठेवणें, हें तिचें पहिलें काम. कॅलिफोर्नियांतील डाउनी येथें १४ ऑगस्ट १९६८ रोजीं ती सज्ज झाल्याची पहिली सूचना उमटली. हिची रचना वंशवृक्षासारखी आहे. अग्निबाणाखालीं त्याचे विभाग, विभागाखालीं सुटे भाग. त्याचप्रमाणें बँकेंत ग्राहकाखालीं खातें व खात्याखालीं व्यवहार. मुळाकडून फांदीकडे उतरावयाचें असेल, तर हिचा वेग मोठा. म्हणूनच ती अद्याप टिकून आहे.

पुढें १९७० सालीं आयबीएममधीलच एडगर कॉड यांनीं निराळा विचार मांडला. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि काय हवें तेवढेंच विचारावें. तें कोणत्या वाटेनें आणावयाचें, हें यंत्रानें पाहावें. या विचारावर डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ मध्यें जी प्रश्नभाषा रचली, तीच आजची एसक्यूएल. आजचे कार्यक्रम हीच भाषा बोलतात. आयएमएसचे मूळ कार्यक्रम मात्र ‘ही नोंद आण, आतां तिच्या पुढची आण’ असें पायरीपायरीनें सांगतात. गेटवेचें पहिलें काम दुभाष्याचें. तो कोष्टकाच्या भाषेंतील एक प्रश्न घेतो, वंशवृक्षावर चढउतार करून नोंदी गोळा करतो, आणि उत्तर पुन्हां कोष्टक करून देतो.

परंतु शब्दाला शब्द दिल्यानें भाषांतर होत नाहीं, हें आपण जाणतांच. इंग्रजींतील मोठें ‘ए’ हें अक्षर मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतांत १९३ या अंकानें, तर आस्की संकेतांत ६५ या अंकानें लिहितात. शिवाय आस्कींत अंक आधीं व अक्षरें नंतर. एब्सिडिकमध्यें अक्षरें आधीं व अंक नंतर. म्हणजे एकच यादी दोहोंकडे क्रमानें लावली, तर तिचा क्रम निराळा निघतो.

खरी मेख पुढेंच आहे. रकमा लिहितांना जागा वांचावी म्हणून एका बाइटमध्यें दोन अंक बसवितात, आणि शेवटच्या अर्ध्या घरांत धन कीं ऋण ही खूण ठेवतात. दशांशचिन्ह मात्र कोठेंच लिहिलेलें नसतें! तें कोठें मानावयाचें, हें कोबोल कार्यक्रमासोबतच्या कॉपीबुक नांवाच्या टिपणांत सांगितलेलें असतें. समजा, दप्तरांत १२३४५६७ असे सात अंक आहेत. कॉपीबुक पाहिलें तर ते १२,३४५ रुपये ६७ पैसे. न पाहिलें तर १२,३४,५६७ रुपये. वर्गांत दशांशचिन्ह चुकलें, तर मुलाचा एक गुण जातो. येथें एकाद्या वृद्धाचें निवृत्तिवेतन शंभरपट होतें किंवा शतांशावर येतें. आणि चुकीचा आंकडाही यंत्र बरोबर आंकड्याइतक्याच शांतपणें पुढें करतें. तीच गोष्ट सालाची. जुन्या नोंदींत पुष्कळदां दोनच अंक आढळतात; मग ४५ म्हणजे १९४५ कीं २०४५, याचा नियम वेशीवरच ठरवून द्यावा लागतो.

दुभाषी काटकसरीही हवा. समजा, दहा लक्ष नोंदींपैकीं एका शाखेच्या वीसच हव्या आहेत. चांगला गेटवे ही अट मेनफ्रेमपर्यंत पोंचवितो व वीस नोंदी घेऊन येतो. अट पलीकडे सांगतां आली नाहीं, तर सगळ्या नोंदी वाहून आणून अलीकडे पाखडाव्या लागतात. लिहिण्याच्या वेळीं तर अधिक जपावें लागतें. एकीकडे रक्कम वजा झाली आणि दुसरीकडे जमा झाली नाहीं, असें होऊं नये म्हणून प्रथम दोन्ही दप्तरांना ‘तयार आहांत ना?’ असें विचारतात, आणि दोघांचा होकार आल्यावरच नोंद पक्की करतात.

इतका खटाटोप करण्यापेक्षां जुनें सारें एकदम मोडून नवें कां उभारूं नये, असें कोणी विचारील. ब्रिटनमधील टीएसबी बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें आपला कारभार नव्या व्यवस्थेवर एकदम हलविला. माहिती सुखरूप पोंचली. परंतु नवी व्यवस्था लागलीच अडखळूं लागली. ५२ लक्ष ग्राहकांपैकीं मोठ्या भागास त्याची झळ पोंचली, कारभार सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्यें नियामकांनीं ४ कोटि ८६॥ लक्ष पौंडांचा दंड केला. जुनें कधींच सोडूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. वेस बांधली म्हणजे सवडीनें, एकेक दालन तपासून हलवितां येतें, एवढाच तिचा मोठा लाभ.

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. कागद जपले होते हें तर खरेंच. पण मोडी वाचणारे व जुन्या कारकुनी संज्ञा जाणणारे लोक हयात होते, म्हणूनच त्यांचा अर्थ लागला. मेनफ्रेमचीही गत तीच आहे. तीं दप्तरें ज्यांनीं मांडलीं, ते एकेक करून सेवानिवृत्त होत आहेत. पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण आज परदेशांतील अशा यंत्रांचें काम पाहतात. त्यांना माझी एवढीच विनंति आहे, कीं गेटवे विकत मिळतो, पण कोणत्या अंकाचा अर्थ काय, हें विकत मिळत नाहीं. जाणती माणसें आहेत तोंवर तें विचारून घ्यावें, आणि स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावें.