डांगी गुरांचे रंग आणि वळूची निवड



कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून खाडी ओलांडली कीं आमचें कोन गांव लागतें. आज तेथून भिवंडीकडे जातांना गोदामेंच गोदामें दिसतात. परंतु मुसळधार पावसांत भातखाचराची चिखलणी करावयाची, तर ठाणें, नाशिक व अकोलें या बाजूंस डांगी बैलाची बरोबरी करणारा दुसरा बैल विरळा. त्याच्या कातडीवर तेलकट स्राव असतो, म्हणून पाणी अंगांत मुरत नाहीं. त्याचे खूर काळे व टणक असतात.

या जातीचे रंग सहा मानतात. पांढऱ्या अंगावर थोडे काळे ठिपके असले, तर ‘पारा’. काळ्या अंगावर थोडे पांढरे असले, तर ‘बहाळा’. चकचकीत काळ्यांत पांढरा मिसळला, तर ‘मनेरा’. तांबडा तो ‘लाल’. आणि तांबड्या-पांढऱ्यांत पांढरा अधिक तो ‘लाल पारा’, तांबडा अधिक तो ‘लाल बहाळा’.

या रंगांच्या मोहानें आमच्या घरीं एकदां मोठी चूक झाली. एक सुरेख मनेरा वळू आणला. त्याच्यासारखींच वासरें व्हावींत, म्हणून पुढें त्याच्याच कालवडी त्याला दाखविल्या. रंग कांहींसा साधला. पण वासरें खुरटीं निघालीं आणि दोन तर पहिल्याच पावसाळ्यांत गेलीं. बापलेकीच्या अशा संबंधांतून होणाऱ्या वासरांत निकट-प्रजननाचें प्रमाण २५ टक्के असतें, हें आम्हांस मागाहून समजलें.

शिवाय रंग असा हुकमी येतही नाहीं. युरोपांतील होल्स्टीन जातींत काळा रंग तांबड्यावर प्रभावी असतो. तरीही दोन काळ्याबांड्या जनावरांच्या पोटीं तांबडेंबांडें वासरूं येऊं शकतें, कारण तांबडा गुण दोघांतही दडलेला असूं शकतो. ठिपका नेमका कोठें पडेल, हें तर गर्भांतील रंगपेशी कोठवर पोहोंचतात यावरही अवलंबून असतें.

मग रंग राखूं नयेत काय? अवश्य राखावेत. मराठवाड्यांतील देवणीचे वानेरा, बालंक्या व शेवरा हे तीन प्रकार रंगावरूनच ओळखले जातात. परंतु आधीं वळूचे पाय, खूर, कातडी व त्याच्या आईचें दूध पाहावें, रंग त्यानंतर. वळूचें कूळ लिहून ठेवावें, आणि त्याच्या कालवडी वयांत येण्यापूर्वीं शेजारच्या गांवाशीं वळूंची अदलाबदल करावी. अकोलें तालुक्यांतील राजूरच्या डांगी प्रदर्शनास जाल, तेव्हां बक्षिसाच्या वळूचा केवळ रंग पाहून परतूं नका. त्याचीं वासरें कशीं आहेत, हें मालकास अवश्य विचारा.

चांगला गोऱ्हा सरसकट खच्ची करूं नका. गांवांत निरोगी व निरनिराळ्या कुळांचे वळू राहिले, तर पारा आणि बहाळा आपोआप राहतील.