ग्रंथ पुष्कळ, संपादक कोठे?

(नांदेड येथे, नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लेखक, प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैचारिक आणि माहितीपर ग्रंथांचे संपादन कसे शिकावे, आणि शिकल्यावर त्यावर चरितार्थ चालतो काय, असा दुहेरी प्रश्न आपण माझ्यापुढे ठेवला आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. त्यामुळे प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे माझे लक्ष आधी जाणे स्वाभाविक आहे. तथापि जे विकायचे ते काय आहे, हे कळल्याखेरीज त्याच्या किमतीची चर्चा व्यर्थ ठरते. म्हणून आरंभ कलेपासून करतो.

आपल्याकडे संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासणे अशी समजूत आहे. ते मुद्रितशोधकाचे काम. आवश्यक आणि कष्टाचे, पण निराळे. संपादक हा ग्रंथाचा पहिला अविश्वासू वाचक असतो. लेखकाने जे गृहीत धरले, त्यावर तो बोट ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. त्यावर लिहिताना एखादा लेखक सहज लिहून जाईल की, या रेल्वेने लातूरची तहान भागवली. वाक्य कानाला बरे वाटते. संपादकाने येथे थांबून समासात आकडेमोड करावी. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे माणशी दीड लिटरदेखील नाही. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या, सुमारे पंचवीस लाख लिटरांच्या. तरी एका गाडीमागे माणशी साडेसहा लिटरच. तेव्हा तहान भागली की तहान जगाला दिसली, हे लेखकाला ठरवावे लागेल. ही आकडेमोड करायला पाच मिनिटे लागतात. परंतु तिने वाक्य बदलते, कदाचित प्रकरणाची दिशाही बदलते.

दुसरे उदाहरण आपल्या इतिहासातले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेथील कागदपत्रांत फसली सन आढळतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, असा ठोकताळा अनेकांना ठाऊक असतो. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसलीच्या अखेरीस घडलेली पोलिस कारवाई नुसत्या ठोकताळ्याने १९४७ मध्ये जाऊन पडेल! रुपयाचेही तसेच. जुन्या आठवणींतला रुपया हाली सिक्क्याचा की कलदार? सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. सावकाराचे कर्ज सातशे हाली असेल तर कलदारात ते सहाशे होते. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर प्रबंध लिहिणाऱ्याने हा भेद न पाळल्यास त्याच्या साऱ्या कोष्टकांत सोळा-सतरा टक्क्यांची चूक शिरते.

भाषेचा मुद्दा याला लागूनच येतो. आपल्या भागात शेतातल्या वस्तीला, जेथे गुरे बांधतात आणि सालगडी राहतो तिला, आखाडा म्हणतात. दूरच्या शहरातल्या संपादकाला आखाडा म्हटले की तालीम आठवते, आणि तो तो शब्द बदलून मोकळा होतो. शब्द गेला की त्यामागची शेतीची रचनाही पानावरून पुसली जाते. म्हणून माझे ठाम मत असे की, मराठवाड्याच्या ग्रंथांना मराठवाड्यातच घडलेले संपादक हवेत. यात प्रादेशिक अभिमानाचा भाग थोडा. फसली, हाली आणि आखाडा ओळखणारा डोळा हवा, हा खरा भाग.

असा डोळा या मातीला अपरिचित नाही. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे. फारसी, उर्दू, तेलुगु यांच्यावर प्रभुत्व. गोंडीसारख्या बोलीचाही अभ्यास. महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरचे संपादन त्यांनी केले. गॅझेटियर म्हणजे नाना खात्यांची माहिती एका शिस्तीत बसवण्याचे, म्हणजे अस्सल संपादकाचे काम. आणि या नांदेडमध्ये नरहर कुरुंदकर होते. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला लाभलेली त्यांची प्रस्तावना मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. लेखकाबद्दल आदर बाळगून त्याच्या विषयाची कठोर तपासणी कशी करावी, याचा तो वस्तुपाठ आहे. कुरुंदकर १९८२ साली अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. त्यांचे विखुरलेले लेख आणि व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने आली. बोललेल्या शब्दाचा ग्रंथ करणे हे संपादनातले फार अवघड काम. भाषणात पुनरुक्ती हा गुण असतो, ग्रंथात तो दोष होतो. पण सारी पुनरुक्ती छाटली तर वक्त्याचा श्वासच जातो. किती ठेवावे आणि किती काढावे, याचा निवाडा कोणतेही नियमपुस्तक देत नाही.

आता व्यवहाराकडे वळतो. समजा, दोनशे चाळीस पानांचे, म्हणजे पंधरा फॉर्मांचे, एक पुस्तक आहे. त्याच्या संपादनाला महिनाभर लागतो आणि त्याचे वीस हजार रुपये मोल आपण मान्य करतो. पुस्तकाच्या दोन हजार प्रती निघाल्या तर हा भार प्रतीमागे दहा रुपये पडतो. पाचशेच निघाल्या तर चाळीस रुपये. कागद आणि छपाई यांचा खर्च बहुतांशी प्रतींच्या संख्येबरोबर वाढतो. संपादनाचा खर्च मात्र प्रत एक असो वा लाख, तेवढाच राहतो. म्हणून बाजारपेठ जितकी लहान, तितकी संपादकावर कुऱ्हाड आधी पडते. इंग्रजीत जे परवडते ते मराठीत जड जाते, आणि पुण्या-मुंबईत जे निभते ते नांदेड-लातुरात निभत नाही. यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. हे गणितच तसे आहे.

त्यात गेल्या काही वर्षांत एक नवे वळण आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजायला सुरुवात केली. पुस्तक वाचले जाण्यापेक्षा ते निघणे महत्त्वाचे ठरले. लेखकाने पैसे द्यायचे आणि प्रकाशकाने छापून द्यायचे, असा धंदा त्यातून फोफावला. या व्यवहारात प्रकाशकाचा गिऱ्हाईक कोण? वाचक नव्हे, लेखक! आणि गिऱ्हाइकाच्या चुका काढणारा नोकर कोणता दुकानदार ठेवील? जुन्या छापखान्यात निदान खिळे जुळवणारा आणि गॅली तपासणारा अशी दोन माणसे मजकुरावरून नजर फिरवीत. आज लेखकाच्या संगणकावरची धारिका थेट यंत्रावर चढते. मधले डोळे नाहीसे झाले. त्यांच्या जागी आणखी जाणते डोळे बसवायचे सोडून आपण ती जागाच रद्द केली.

याची किंमत कोण मोजतो? हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत सर्वस्व गमावलेली कुटुंबे, यांच्या आठवणी शेवटी अशाच घरखर्चाने निघालेल्या पुस्तकांत येतात. तारखा चुकलेल्या, नावांची सूची नाही, प्रसंगांची सरमिसळ झालेली. उद्याचा संशोधक ते पुस्तक अविश्वसनीय म्हणून बाजूला सारतो आणि पुन्हा सरकारी अहवालाकडे वळतो. सामान्य माणसाची साक्ष अशा रीतीने संपादनाअभावी बाद होते.

मग उपाय काय? इतिहासात उत्तर आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सरकारच्या खजिन्यावर विसंबून काढले नाहीत. त्यांनी त्यासाठी मर्यादित कंपनी स्थापिली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले. उलट मराठी विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत राज्याच्या पैशाने उभा राहिला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मार्ग दोन, तत्त्व एक: संपादनाचा स्थिर खर्च अनेकांनी वाटून घ्यायचा. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी मिळून दोन पूर्णवेळ संपादक ठेवले तर एकेका संस्थेवर किती भार पडेल? आपण स्वतःच हिशेब करून पाहावा. एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून तो अधिक भरेल, असे मला वाटत नाही.

तरुण मित्रांना शिकण्याविषयी थोडे सांगतो. हस्तलिखित तीनदा वाचा. पहिल्या वाचनात हाती लेखणी घेऊ नका. वाचून झाल्यावर ग्रंथाचे म्हणणे एका पानात लिहा. ते लिहिता आले नाही तर दोष बहुधा ग्रंथाच्या मांडणीत आहे. दुसऱ्या वाचनात तारखा, आकडे, नावे आणि अवतरणे तपासा. भाषेला हात तिसऱ्या वाचनात लावा. दुरुस्ती करण्यापेक्षा प्रश्न विचारा. प्रश्नांची यादी लेखकाकडे पाठवा आणि उत्तरे जपून ठेवा. शेवटी विषयसूची स्वतः करा. एकच नाव तीन प्रकारे लिहिले गेल्याचे तेथे हमखास सापडते.

आणि मोबदला आधी ठरवा, लेखी ठरवा. ओळखीपाळखीत फुकट काम करून देणे हा सद्गुण मानला जातो. पण एकाच्या फुकटपणाने दुसऱ्याची मजुरी पडते, हे कामगार चळवळ फार पूर्वी शिकली आहे. फॉर्ममागे दर सांगा, किती वाचने करणार ते सांगा, आणि ग्रंथात नाव छापण्याचा आग्रह धरा. नाव छापले की जबाबदारीही येते.

‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे कृष्ण राज यांनी १९६९ पासून २००४ साली निधन होईपर्यंत ते साप्ताहिक सांभाळले. स्वतःच्या नावाने त्यांनी फारसे लिहिले नाही. देशातल्या अनेक अभ्यासकांना मात्र त्यांनी लिहिते केले. असे एक माणूस प्रत्येक जिल्ह्याला मिळाले, आणि त्याला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळाले, तर आपल्या भागाची साक्ष कोणाला सहज बाद ठरवता येणार नाही. माणसे या सभागृहात बसली आहेत. वेतनाची तरतूद करणे हे आता येथे जमलेल्या संस्थांचे काम आहे.