वाडे पाहिले, आता आपलं घर पाहू

आमच्या बचत गटाच्या आम्ही बारा जणी मागच्या महिन्यात पुण्याला गेलो होतो. देवदर्शनाला नाही की खरेदीला नाही, जुन्या पेठांमधली घरं बघायला! माहिती सांगायला एक ताई सोबत होत्या. सगळं पायीच फिरलो.

सुरुवात शनिवारवाड्यापासून. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दिल्ली दरवाजाला मोठाले टोकदार खिळे ठोकलेत. रोजच्या येण्याजाण्यासाठी त्याच दारात छोटी दिंडी आहे. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. आता दिसतात ती दगडी जोती.

तिथून विश्रामबागवाड्याला गेलो. हा दुसऱ्या बाजीरावांचा. रस्त्याच्या बाजूला लाकडी कोरीव सज्जा, सुरूच्या झाडासारखे खांब. वाडा कसा बांधत, ते ताईंनी इथे समजावलं. मधे चौक, त्यातून उजेड आणि वारा. पुढे सदर, आत माजघर, त्याच्याही आत स्वयंपाकघर. सदरेवर पुरुष बसायचे, बायकांचा दिवस आतच जायचा. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे उजेड सदरेला आणि अंधार चुलीला! आपल्याकडं अजून तेच चाललंय की." आम्ही हसलो, पण बोलणं मनाला लागलं.

याच विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिथे मुलींना जागा नव्हती. पुढे सत्तावीस वर्षांनी, १८४८ साली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. चालत गेलं तर थोडंच अंतर आहे. भिडेवाड्याची जुनी इमारत स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडली. तरी त्या जागेपाशी आम्ही थांबलो, हात जोडले. आज गटाच्या रजिस्टरवर आम्ही बाराही जणी सही करतो, ती वाट तिथून निघालेली आहे.

मैत्रिणींनो, गावोगावी घरकुलांची कामं चालू आहेत. पायाची फक्की मारताना आपण तिथे उभ्या असतो का? चूल कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, धूर कुठून जाणार, न्हाणीघराला आडोसा आहे का, हे गवंड्याला आपणच सांगायला हवं. भिंत उभी राहिल्यावर बोलून उपयोग नाही. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव आहे का, तेही बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. एकटीला अवघड वाटलं तर गटाने मिळून जा.

येत्या बैठकीत एवढा विषय नक्की घ्या.